यादीबाहेरचा धोत्रा

महाशिवरात्रीला देवळाबाहेरच्या टोपल्यांत बेलाच्या जोडीने धोत्र्याची फुले आणि काटेरी फळे विकायला असतात. कोणी परवाना विचारत नाही. विचारूही नये, असे माझे मत आहे. पण १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याची यादी चाळली की कोडे पडते. पेयोटे निवडुंगातले मेस्कलिन त्या यादीत आहे, काही अळंब्यांतले सिलोसायबिन आहे. धोत्र्यातली ॲट्रोपिन आणि स्कोपोलामिन नाहीत. जिवाला धोका मात्र या तिन्हींत धोत्र्याचाच मोठा.

अळंबी खाल्लेल्याला आपल्याला भास होताहेत, याची बहुधा थोडी तरी जाणीव उरते. धोत्रा तीही पुसून टाकतो. घशाला कोरड, अंगात ताप, विस्फारलेल्या बाहुल्या, सुसाट नाडी, समोर नसलेल्या माणसांशी गप्पा. आणि शुद्धीवर आल्यावर यातले फारसे आठवतही नाही. विषाचे प्रमाण झाडागणिक बदलत असल्याने ‘बेताने घेतले’ याला काही अर्थ नाही. त्यात बी दिसते मिरचीच्या बीसारखे. एकोणिसाव्या शतकात वाटसरूंना ते अन्नातून चारून लुटत, म्हणून न्यायवैद्यकाच्या पुस्तकांत ते वाटमारीचे विष म्हणून प्रसिद्ध आहे.

तरी इथला कायदा आंधळा नाही. गुन्ह्याच्या हेतूने कोणाला विष किंवा गुंगीचा पदार्थ देणे दंडविधानाच्या कलम ३२८ खाली गुन्हा होता. आता न्याय संहितेचे कलम १२३ आहे. पोटात घ्यायच्या आयुर्वेदिक औषधात धोत्रा असेल, तर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना वेष्टनावर छापावी लागते. झाड मोकळे, त्याचा वापर बांधलेला. मला हे शहाणपणाचे वाटते.

भासकारक द्रव्यांची यादी १९७१च्या आंतरराष्ट्रीय करारातून आली, आणि त्यामागे साठच्या दशकातल्या पाश्चात्त्य तरुणाईची धास्ती होती. धोत्र्याला तिथे बाजार नव्हता. पण त्या करारालाही कलम ३२ मध्ये वाट ठेवावी लागली: छोट्या समूहांच्या धार्मिक विधींत वापरल्या जाणाऱ्या, रानात उगवणाऱ्या वनस्पतींपुरती देशांना सवलत मागता येते. मेक्सिकोने ती घेतली.

म्हणून परंपरा म्हणजे सुरक्षितता, असे मात्र कोणी समजू नये. मेक्सिकोतल्या ओआहाका राज्यातल्या वैदू मारिया साबिना आजाराचे मूळ शोधायला रात्री जागवून अळंबीचा विधी करीत. १९५७ साली अळंब्यांचे हौशी अभ्यासक गॉर्डन वॉसन यांनी ‘लाइफ’ या अमेरिकी साप्ताहिकात त्यावर लिहिले आणि त्यांच्या वाउत्ला गावात परक्यांची रीघ लागली. पोलीस आले, गावकरी उलटले, बाईंचे घर जाळले गेले. विधीची शिस्त गावात होती. पाहुणे फक्त अळंबी घेऊन गेले.

आपल्याकडे कायद्याने अशीच वाट भांगेला ठेवली आहे. १९८५च्या कायद्यातल्या गांजाच्या व्याख्येतून शेंड्यांशिवायची पाने वगळली आहेत, म्हणून भांगेचा कारभार राज्यांच्या उत्पादनशुल्क खात्यांकडे उरतो. धोत्रा शंकराला वाहावा, खाऊ नये, हे ज्या घरांत आजीला ठाऊक असते तिथे भीती कमी. पण भांग ‘कडक’ व्हावी म्हणून तिच्यात धोत्र्याचे बी वाटून घालणारे आहेत, आणि होळीच्या दिवशी पेला तोंडाला लावणाऱ्याला ते कळायचा काहीच मार्ग नसतो. भांगेच्या परवान्याचा कागद तपासणाऱ्या खात्याने तो पेलाही तपासायला हवा.