पारखी आणि गिऱ्हाईक

एखाद्या वस्तूची खरी किंमत आपल्याला ठाऊक आहे आणि विकणाऱ्याला नाही. अशा वेळी गप्प बसून ती विकत घेतली, तर ते शहाणपण म्हणायचे की चोरी? हा प्रश्न मला पोथीत भेटला नाही. तो भेटला सुरतेत, उधन्याच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये, तेलाने माखलेल्या ॲल्युमिनियमच्या पेटीच्या रूपाने. त्या पेटीला आम्ही डिझेलवाले ‘ब्लोअर’ म्हणतो, मोटारींचे शौकीन ‘सुपरचार्जर’ म्हणतात.

इंजिनाला जितकी जास्त हवा, तितके जास्त इंधन जाळता येते आणि तितकी ताकद वाढते. सुपरचार्जर ही हवा जोराने आत ढकलतो, आणि त्यासाठी लागणारी शक्ती इंजिनाकडूनच घेतो. अमेरिकेतील रूट्स नावाच्या दोन भावांनी १८६० मध्ये अशा यंत्राचे पेटंट घेतले, तेव्हा मोटारगाडी जन्मालाही आली नव्हती. पुढे १९३८ मध्ये जनरल मोटर्सने ‘७१’ मालिकेची दोन फेऱ्यांची डिझेल इंजिने काढली. ६-७१ म्हणजे सहा सिलिंडर, प्रत्येकी ७१ घनइंचांचा. या इंजिनांना ब्लोअर हा दागिना नव्हे, श्वास आहे. त्याच्यावाचून सिलिंडरातला धूर बाहेर जात नाही आणि इंजिन चालतच नाही. दुसऱ्या महायुद्धात ही इंजिने रणगाड्यांत आणि सैनिक किनाऱ्यावर उतरवणाऱ्या होड्यांत बसली. युद्ध संपल्यावर हौशी अमेरिकन पोरांनी त्यांचे ब्लोअर काढून पेट्रोल इंजिनांवर चढवले. बॉनेट फाडून वर आलेला ब्लोअर ही पुढे ‘मसल कार’वाल्यांची शान झाली. खास मोटारींसाठी बनलेले सुपरचार्जर वेगळे. १९५७ च्या काही फोर्ड थंडरबर्डवर मॅक्युलॉकचा असे, १९६६ च्या शेल्बी जीटी ३५० वर मागणीनुसार पॅक्स्टनचा मिळे. असा अस्सल, त्या काळचा नग हाती लागला की शौकीन त्याला जपतो.

आता हे सारे सुरतेत कसे आले? अलंगमुळे. भावनगर जिल्ह्यात १९८३ पासून जहाजे फुटतात आणि त्यांच्या पोटातले सामान रस्त्याकडेच्या दुकानांतून गुजरातभर पसरते. पूर्वी त्यासाठी खंभातच्या आखाताला वळसा घालून ट्रक येत. २०२० पासून घोघा ते हजिरा अशी वाहने नेणारी फेरीबोटही झाली. इकडे गिऱ्हाईकही वाढले. २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरील मोटारींच्या नोंदणीचे वेगळे नियम केले, त्यात गाडी मूळ रूपात असण्याला महत्त्व आले. जानेवारी २०२३ मध्ये वडोदऱ्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्यात जुन्या मोटारींचा मोठा मेळा भरला. जुन्या सुट्या भागाला भाव येतो तो असा.

पारख करायला फार विद्या लागत नाही, सवय लागते. आधी पाटी आणि ओतकामातले आकडे पाहायचे. मग आतले दोन रोटर. ‘७१’ मालिकेत प्रत्येकाला तीन पाकळ्या आणि पीळ असतो. हाताने फिरवून पाहावे. रोटर एकमेकांना शिवत नाहीत आणि भिंतीलाही नाही. अंतर असते इंचाच्या काही हजारांश भागांचे, आणि ते राखतात टोकाचे दातेरी गिअर. भिंतीवर ओरखडा असेल तर कधीतरी एखादा नटबोल्ट आतून गेला आहे असे समजावे. खाऱ्या हवेची पांढरी बुरशी, वेल्डिंगचा सांधा, नव्याने ओतलेले खोके, हे सारे किंमत उतरवते. आणि आरशासारखी चकाकी दिसली तर आधी संशय घ्यावा. चकाकी बहुधा काहीतरी झाकण्यासाठी असते.

ही विद्या मी तीस वर्षे हात काळे करून मिळवली, आणि तिच्या जोरावर दोन ब्लोअर माझ्यासमोर आले.

पहिला एका भंगारवाल्याकडे. त्याने तो ॲल्युमिनियमच्या भावाने काट्यावर टाकला. मी पैसे मोजले, काही बोललो नाही, आणि मुंबईच्या एका शौकिनाला बऱ्याच जास्त किमतीला दिला. त्या रात्री मला छान झोप लागली.

दुसरा आमच्याच गल्लीत. शिरपूरकडचा एक मिस्त्री, डिझेल इंजिने दुरुस्त करणारा, अचानक गेला. त्याची बायको मला म्हणाली, “भाऊ, तुम्हाला यातलं कळतं. भंगारवाला सगळं किलोवर न्यायला तयार आहे. तुम्हीच सांगा, काय करू?” कोपऱ्यात फडक्याखाली ६-७१ चा ब्लोअर होता. पाटी जागेवर, भिंत स्वच्छ, रोटर लोण्यासारखे फिरणारे. मी म्हणालो, “वहिनी, हा मीच नेतो. भंगारवाल्यापेक्षा चार पैसे जास्त देतो.” तिने चहा केला. “तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून बरं,” असेही म्हणाली. तो चहा मला गेला नाही.

रात्री मनातला वकील उभा राहिला. म्हणाला, ज्ञान ही तुझी कमाई आहे, ती फुकट का वाटायची? तू नसतास तर ती वस्तू भट्टीत वितळली असती. तू तर भंगारापेक्षा जास्तच देतो आहेस. आणि महिधरपुऱ्याच्या हिरेबाजारात रोज दुसरे काय चालते?

हिरेबाजाराचे उत्तर मला आधी सापडले. तिथे पडीकं उघडले की भिंग दोघांच्याही हातात असते. पाहणारा पाहतो, विकणाराही आधीच पाहून बसलेला असतो. दोघे एकाच आखाड्यातले मल्ल. माझा भंगारवालाही तसाच म्हणता येईल, कारण जोखीम घेऊन घेणे आणि न पाहता विकणे हा त्याचा धंदाच आहे. वहिनींच्या हातात मात्र भिंग नव्हते. त्यांनी ते माझ्या हातात दिले होते.

हा वाद फार जुना आहे. इसवी सनापूर्वी ४४ मध्ये रोमच्या सिसेरोने कर्तव्यांवर ग्रंथ लिहिला, त्यात स्केव्होला नावाच्या गृहस्थाची गोष्ट आहे. त्याला एक शेतवाडी घ्यायची होती. मालकाने किंमत सांगितली तेव्हा हा म्हणाला, माझ्या मते तिची किंमत अधिक आहे, आणि एक लाख सेस्टर्स वर दिले. लोक म्हणत, माणूस चांगला, पण शहाणा नव्हे. सिसेरोला नेमके हेच खटकले. चांगुलपणा एकीकडे आणि शहाणपण दुसरीकडे, अशी फारकतच त्याला मान्य नव्हती. आपल्या जवळचे उदाहरण श्रीमद् राजचंद्रांचे. गांधीजींवर ज्यांचा मोठा प्रभाव पडला ते हे जवाहिरे. एका अरबाने अज्ञानाने फार स्वस्तात मोती विकले आणि घरी त्याला भावाची बोलणी खावी लागली. हे कळताच राजचंद्रांनी मोती परत केले, अशी कथा त्यांच्या चरित्रात सांगतात. दोघेही व्यवहारात मुरलेले होते. बाजार कळत नव्हता म्हणून ते असे वागले, असे कोणी म्हणणार नाही.

मला स्वतःपुरते जे उमगले ते एवढेच. “तुम्हीच सांगा” हे शब्द कानावर पडले त्या क्षणी मी गिऱ्हाईक राहिलो नाही, पारखी झालो. आणि पारख्याने त्याच खुर्चीत बसून गिऱ्हाईक होऊ नये. सुरतेत गावाकडून नवीन आलेल्या माणसाला गुजराती अक्षर लागत नाही. तो कागद आपल्यापुढे धरतो, “वाचून दाखवा” म्हणतो. आपण वाचताना सोयीची एक ओळ गाळली तर खोटे काहीच बोललो नाही, तरी त्याला लुबाडलेच. ब्लोअरची पाटी हाही तसाच एक कागद होता, आणि वाचता मला एकट्यालाच येत होता. जुन्या जरीचे शालू दारावर घ्यायला येणारा आणि “यात काय आहे आता, आजी?” म्हणणारा माणूस हीच ओळ गाळत असतो.

सकाळी जाऊन वहिनींना सगळे सांगितले. आधी त्यांना खरेच वाटेना, मग त्या माझ्याकडे थोडा वेळ नुसत्या बघत राहिल्या. आदल्या दिवशी मी काय करायला निघालो होतो हे त्यांना कळले असावे. मुंबईच्या शौकिनाला बोलावले, सौदा त्यांच्यासमोर झाला. माझी तपासणीची मजुरी मी उघड सांगून घेतली, कारण ज्ञानाला मोल आहेच. पण मोल म्हणजे मजुरी. ज्ञान आहे म्हणून आख्खी वस्तू आपली होत नाही.

राहिला तो भंगारवाला. तो माझ्या तोडीचा व्यापारी होता, त्याने मला काही विचारले नव्हते, असे मी स्वतःला सांगतो आणि ते खरेही आहे. तरी त्याच्या दुकानावरून जाताना हल्ली माझी पावले जरा भरभर पडतात.