अधिक मासांतील चांदणी

सण वेळेआधीं सुरू करणें योग्य कीं अयोग्य, हा प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक वाटेल. पंचांगांत जो दिवस दिला आहे त्या दिवशीं सण करावा, एवढें म्हटलें कीं तो मिटला. परंतु कांहीं वर्षें अशीं येतात कीं असले क्षुल्लक प्रश्नच मनांत घर करून बसतात. २०२० सालीं पनवेलनजीकच्या करंजाडे वसाहतींत या प्रश्नानें मला बरेच दिवस स्वस्थ बसूं दिलें नाहीं. निमित्त झालें समोरच्या इमारतींतील एका खिडकींत लागलेल्या कागदी चांदणीचें.

करंजाडे ही सिडकोनें वसविलेली वसाहत. विमानतळासाठीं आपलें गांव सोडून आलेलीं कुटुंबें आणि मुंबईचें भाडें न परवडल्यामुळें इकडे सरकलेले नोकरदार अशी येथें संमिश्र वस्ती आहे. समोरचें कुटुंब ख्रिस्ती, मूळचें वसईकडचें. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा होता. नाताळास चांगला तीन महिन्यांचा अवकाश होता. त्यांतून तो महिना अधिक आश्विन. चांद्र वर्ष सौर वर्षाहून सुमारें अकरा दिवसांनीं तोकडें पडतें व ती तूट भरून काढण्यासाठीं बत्तीस-तेहतीस महिन्यांनीं एक महिना अधिक धरावा लागतो, हें वाचकांस ठाऊक आहेच. त्या वर्षीं तो १८ सप्टेंबरपासून १६ ऑक्टोबरपर्यंत पडला. पितृपक्ष संपला, पण दुसऱ्या दिवशीं घट बसले नाहींत. आधींच रोडावलेल्या सणांच्या वाटेंत आकाशानेंही एक रिकामा महिना आडवा घातला होता.

चांदणी पाहून माझ्या मनांत प्रथम नापसंतीच उमटली, हें कबूल केलें पाहिजे. त्याच इमारतींत दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ ऑगस्टांत कोरोनानें गेले होते. त्यांचें प्रेतही घरीं आणतां आलें नव्हतें. त्या दाराच्या वरच्याच खिडकींत रोषणाई करणें मला असभ्यपणाचें वाटलें. शिवाय ख्रिस्ती धर्माचाही याला आधार नव्हता. नाताळापूर्वींचे चार रविवार हा तेथें आगमनकाल मानतात. तो वाट पाहण्याचा, कांहींसा संयमाचा काळ. वाट न पाहतां जो सण घरांत घेतो तो सणाचें निम्में सत्त्व दारांतच सांडतो, असें मीं घरांत बोलूनही दाखविलें.

पुढें एकदां वाण्याच्या दारांत, जमिनीवर आखलेल्या वर्तुळांत उभे असतां, त्या घरच्या बाई भेटल्या. "यंदा नाताळ फार लवकर आला तुमच्याकडे!" मी म्हणालों. त्यांनीं शांतपणें उत्तर दिलें, "आला कुठं अजून? मुलांना सगळंच 'पुढच्या महिन्यात' म्हणून सांगत आले. नाताळ तरी पुढं जायचा नाही ना! म्हणून चांदणी लावून ठेवली. फराळाचं मात्र तेव्हाच."

या उत्तरानें माझा युक्तिवाद उलटा झाला. त्या वर्षानें आम्हांस सुखापेक्षां तारखांनीं अधिक फसविलें होतें. टाळेबंदी १४ एप्रिलला उठेल असें प्रथम कळलें; मग ३ मे, मग १७ मे, मग ३१ मे. शाळा, परीक्षा, लग्नाचे मुहूर्त, सारेंच पुढें पुढें सरकत गेलें. अशा काळीं माणूस दुःखी होतो त्याहून अधिक तो वाट पाहण्याचें विसरतो. वाट पाहण्यास ठरलेला दिवस लागतो, आणि भरंवशाचे दिवस आतां फक्त सणांचेच उरले होते. त्या बाईंनीं नाताळ अलीकडे ओढला नव्हता; त्याच्या येण्यावर त्यांनीं तीन महिने आधींच बोट ठेवलें होतें. सण आधीं भोगणें आणि सणाची वाट आधीं धरणें, यांतील भेद मला त्या वर्तुळांत उभें राहून कळला.

याउलट, सण नेमक्या दिवशीं होऊनही अवेळीं असूं शकतो. १८९७ सालीं प्लेगच्या झडत्यांनीं पुणें गांजलें असतां २२ जून रोजीं व्हिक्टोरिया राणीच्या कारकीर्दीचा हीरकमहोत्सव ठरल्याप्रमाणें साजरा झाला. त्याच रात्रीं गणेशखिंडींतून परतणाऱ्या रँडवर चापेकरांनीं गोळी झाडली. त्या कृत्याचा न्याय कोणीं कसाही करो, रोषणाईचें आमंत्रण आणि घराची झडती एकाच दारांतून आलीं होतीं हें खरें. व्हेनेझुएलांत २०२४ सालीं अध्यक्ष मादुरो यांनीं नाताळ १ ऑक्टोबरपासूनच सुरू होईल असें फर्माविलें. जुलैंतील निवडणुकीच्या निकालावरून तेव्हां देश धुमसत होता. तेथील बिशपांनीं नाताळ २५ डिसेंबरलाच सुरू होतो असें बजावलें. शास्त्रार्थ पाहतां तो नियम त्या बाईंसही लागू पडतो. पण हुकूम काढून वाटलेला आनंद आणि आपल्या मुलांसाठीं खिडकींत लावलेला दिवा एका मापानें मोजणें मला जमत नाहीं.

राहिला दुसऱ्या मजल्याचा प्रश्न. तो मला तितका सहज सुटत नाहीं. आपल्याकडे ज्या घरीं माणूस जातें तेथें वर्षभर सण होत नाहीं, कढई चढत नाहीं. पण दिवाळींत शेजारीपाजारी फराळाचें ताट त्या घरीं नेतात. ज्यानें ही रीत घातली त्याला माणसांची उत्तम पारख असली पाहिजे. सण करूं नये, परंतु सणावांचून राहूंही नये, अशी ती सोय आहे. दुःखी घराशेजारीं दिवा लावण्याचा अधिकार बहुधा त्यालाच, जो त्या घरचा जिना चढतो. मीं तर नापसंती दर्शविण्यापलीकडे त्या घरासाठीं कांहींच केलें नव्हतें.

२२ डिसेंबरपासून महानगरपालिकांच्या हद्दींत रात्रीं अकरानंतर संचारबंदी लागली. त्यामुळें मुंबईकडे कित्येक ठिकाणीं मध्यरात्रीची मिस्सा संध्याकाळींच उरकावी लागली. तीहि पन्नास माणसांत. म्हणजे अखेर सरकारनेंही नाताळ कांहीं तास अलीकडे आणलाच. समोरच्या चांदणीचा रंग तोंवर उन्हानें पार उडाला होता. २४ तारखेस दुपारीं तिकडून तळणाचा वास आला, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्यांचा थोरला मुलगा रुमालानें झांकलेलीं दोन ताटें घेऊन निघाला. एक त्यानें दुसऱ्या मजल्यावर दिलें, आणि दुसरें घेऊन तो रस्ता ओलांडून आमच्याकडे आला.