वानरांस घास घालावा काय?



गडाची निम्मी वाट चढून झाली, की जुन्या वडाच्या पारापाशी बहुतेक यात्रेकरू क्षणभर टेकतात. पाण्याची बाटली निघते, प्रसादाची पिशवी सोडली जाते आणि इतका वेळ कठड्यावर डोळे मिटून बसलेले एखादे लालतोंडी माकड खाली उतरते. पुढील प्रसंग आपल्या परिचयाचा आहे. कोणी हात जोडतो, कोणी काठी उगारतो, मुले हसता हसता रडू लागतात. यात्रेच्या दिवसांत कार्यालयात आम्हांस दोन वाक्ये वारंवार ऐकावयास मिळतात. एक, "मारुतीरायानं प्रसाद घेतला." दुसरे, "फार माजलीत ही माकडं, बंदोबस्त करा." पुष्कळदा ही दोन्ही वाक्ये एकाच कुटुंबातून येतात, पिशवी कोणाची गेली एवढाच काय तो फरक.

प्रस्तुत लेखकाने देणगी कक्षात बरीच वर्षे पावत्या लिहिल्या. त्या काळात आपणही ही दोन्ही वाक्ये बोललो, हे प्रारंभीच कबूल करणे इष्ट. काही वर्षांपूर्वी चैत्रातील यात्रेत एका वृद्ध आजींच्या हातची प्लास्टिकची पिशवी माकडाने ओढली. आजींनी ती सोडली नाही, पायरीवर तोल गेला आणि त्यांचे मनगट मोडले. गर्दी संतापली. कोणी गलोल मागितली, कोणी दगड उचलला. आजी वेदनेने कळवळत होत्या, तरी म्हणाल्या, "त्याला नका रे मारू. पिशवी मीच वाजवली. काल पेढा मीच दिला होता त्याला. त्याला वाटलं, आजी आली." प्रस्तुत लेखक मागे उभा होता. माकडांना काही घालावयाचे असल्यास कोठे घालावे, असे त्या आजींनी आदल्या दिवशी कक्षाच्या खिडकीशी विचारले होते आणि "पारापाशी घाला, आजी" असे उत्तर त्यानेच दिले होते.

तेव्हापासून हा प्रश्न मनातून गेलेला नाही. पिशवी ओढणारा, ती वाजविणारी आणि जागा दाखविणारा, या तिघांत दोष कोणाचा?

प्रथम या प्राण्यांविषयी थोडेसे. आपल्याकडे वानर व माकड हे शब्द सरमिसळ वापरले जातात. परंतु काळ्या तोंडाचे, लांब शेपटीचे ते वानर आणि लाल तोंडाचे, ठेंगणे ते माकड, हा भेद खेड्यातील माणूस अचूक जाणतो. वानर मुख्यतः पानांवर जगते. त्याचे जठर कप्प्याकप्प्यांचे असते आणि गाईच्या पोटाप्रमाणे त्यातही सूक्ष्म जीव पाने आंबवून पचवितात. अशा पोटात साखर आणि मैदा गेला, की ती आंबवणच बिघडते. आपण प्रेमाने दिलेला पेढा त्याच्या दृष्टीने अन्न नव्हे. माकड मात्र फळे, किडे, कोंब असे पुष्कळ काही खाते. त्याच्या गालांत पिशव्या असतात. हाती लागेल ते भराभर गालात कोंबून ते दूर जाते व मग निवांत खाते. आपण यास हावरटपणा म्हणतो. वास्तविक टोळीतील बलवान माकड येऊन घास हिसकावील, या भीतीवरची ती निसर्गाने केलेली सोय आहे.

दात विचकणे हीदेखील अशीच फसवी खूण. मुलांना वाटते माकड हसले, मोठ्यांना वाटते ते चिडले. बहुधा ते घाबरलेले असते आणि "मी माघार घेतो" असे आपल्या भाषेत सांगत असते. उलट डोळ्यांस डोळा भिडवून पाहणे हे त्यांच्यात आव्हान समजले जाते. आणि आपले बाळ नेमके तेच कौतुकाने करते. (चावा किंवा ओरखडा झाल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि रेबीजच्या लसीसाठी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. हळद लावून दर्शनाच्या रांगेत उभे राहू नये.) रानात अन्न विखुरलेले असते, त्यामुळे टोळीतील दुबळे माकडही कोपऱ्यात पोट भरून घेते. पारावर केळ्यांचा घड ठेवला, की सारी टोळी एका जागी येते, भांडणे जुंपतात आणि पिलू पोटाशी असलेली दुबळी मादी चावे खाऊन उपाशी परतते. ज्या मादीला पाहून आपले मन द्रवले, तिच्या वाट्याला आपला घड येतच नाही.

आता चोरीविषयी. इंडोनेशियातील बाली बेटावर समुद्राकाठच्या उंच कड्यावर उलुवातू हे प्रसिद्ध हिंदू देवालय आहे. तेथील माकडे यात्रेकरूंचे चष्मे, टोप्या, चपला, फोन पळवितात आणि खाऊ मिळाल्यावर ती वस्तू टाकून देतात. अभ्यासकांनी तेथील टोळ्यांचे निरीक्षण केले. त्यांचा शोधनिबंध २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसून आले, की वयस्क माकडांना कोणत्या वस्तूवर माणसाचा जीव अधिक आहे हे कळते. अशी वस्तू ती निवडून घेतात आणि चांगला मोबदला मिळेपर्यंत अडून बसतात. पिलांना हा भेद कळत नाही; तो वयाबरोबर, अनुभवाने येतो. प्रथम वाचले तेव्हा हसू आले. नंतर वाटले, की चष्मा हा काही माकडाचा खाऊ नव्हे. त्याचे मोल माकडाला रानाने शिकविले नाही. प्रत्येक सुटलेल्या चष्म्यामागे खाऊ पुढे करणारा एक मानवी हात होता.

आपल्या परंपरेत मनुष्यजन्मास कर्मयोनी आणि पशुजन्मास भोगयोनी म्हटले आहे. पशू पूर्वकर्माचे फळ भोगतो, नवे पाप-पुण्य जोडीत नाही. हे मान्य केले तर माकड चोर ठरत नाही. पण त्याच न्यायाने ते साधूही ठरत नाही, आणि येथे आपले मन अडखळते. वानरांची टोळी पाहताच आपण हात जोडतो. मग त्यांच्या जीवनातील कठोर भाग समोर आला की काय करावे? धारवाडच्या परिसरात १९६० च्या दशकाच्या आरंभी सुगियामा या जपानी अभ्यासकाने पाहिले, की नवा नर टोळीचा ताबा घेतल्यावर तेथील अंगावर पिणारी पिले मारतो. पुढे अबूच्या पहाडावर, म्हणजे दिलवाड्याच्या मंदिरांच्या सान्निध्यातच, सारा हर्डी यांनी १९७० च्या दशकात हाच विषय अभ्यासिला. पिलू गेल्यावर मादी लवकर पुन्हा गर्भधारणेस सिद्ध होते आणि नव्या नराचा वंश चालतो, असा त्यांनी अर्थ लावला. त्यावर विद्वानांत दीर्घ वाद झाला. मेलेले पिलू कवटाळून बसलेली मादी ज्याने पाहिली आहे, त्याला त्या नराविषयी क्रोध आल्यावाचून राहत नाही. तो क्रोध चुकीचा आहे, असे म्हणण्याचे धैर्य प्रस्तुत लेखकास नाही. तरीही त्या नरास पापी म्हणता येत नाही.

हा पेच नवा नाही. वाल्मीकिरामायणातील किष्किंधाकांडात बाणाने विद्ध झालेला वाली प्रभू रामचंद्रांस जाब विचारतो. रामचंद्र त्यास जी उत्तरे देतात, त्यांत दोन ठळक आहेत. तू धाकट्या भावाची पत्नी हिरावलीस, हा अधर्म असून त्याचा हा दंड आहे, हे एक. आणि तू शाखामृग आहेस, राजे मृगया करतातच, हे दुसरे. वाचक विचारात पडतो. वाली धर्माच्या कक्षेत असेल तर तो केवळ मृग नव्हे. केवळ मृग असेल तर त्याला अधर्माचा दोष कसा? टीकाकारांनी आपापल्या परीने याचा मेळ घातला आहे आणि त्यावर अधिकारवाणीने बोलण्याची आमची योग्यता नाही. एवढेच लक्षात येते, की रामायणातील वानर बोलतात, राज्य करतात, वचन देतात व मोडतात. पारावरचे माकड यांतील काहीच करीत नाही. त्याच्या रूपात मारुतीरायाचे स्मरण व्हावे, हे योग्यच. पण त्या स्मरणाने माकडाचे पोट बदलत नाही.

येथे भाविकांकडून नेहमी एक आक्षेप येतो. नामदेव महाराजांनी भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धाव घेतली, नाथांनी काशीची गंगा तहानलेल्या गाढवाच्या मुखी घातली. मग आम्हीच का थांबावे? आक्षेप मोलाचा आहे. या दोन्ही कथा पुन्हा नीट आठवून पाहाव्यात. नामदेवांनी कुत्र्याला चोर म्हटले नाही, हे खरे. पण कुत्रा हा माणसाच्या दारचा प्राणी. पिढ्यान्पिढ्या तो आपल्याच भाकरीवर जगत आला आहे. नाथांसमोरचे गाढव तापलेल्या वाळूत तडफडत होते. त्याला पाणी हवे होते व नाथांनी पाणीच दिले. घरोघरी निघणारा गोग्रास आणि काकबळी हेही अशाच सोबतच्या जीवांचे देणे आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानासाठी देश, काल आणि पात्र पाहण्यास सांगितले आहे. पात्र म्हणजे केवळ घेणाऱ्याची योग्यता, असा अर्थ आपण घेतो. जो मागू शकत नाही आणि नकोही म्हणू शकत नाही, त्याच्या बाबतीत ते दान त्याला सोसेल काय, हेही देणाऱ्यानेच पाहावयाचे, असा अर्थ त्यात घ्यावा असे आम्हांस वाटते.

हे सारे लिहिणे सोपे आहे. कक्षाच्या खिडकीशी बसून सांगणे अवघड जाते. कल्याणचे एक गृहस्थ मुलगा मोठ्या दुखण्यातून उठला म्हणून गडावर आले. कायम ठेवीत बरीच मोठी रक्कम ठेवावी आणि तिच्या व्याजातून दर शनिवारी पारापाशी वानरांना चणे व केळी घालावीत, अशी त्यांची इच्छा होती. विश्वस्त मंडळाने नम्र नकार कळविण्यास सांगितले आणि ते पत्र लिहिण्याचे काम प्रस्तुत लेखकाकडे आले. पत्रात देश, काल, पात्र सर्व काही व्यवस्थित आले. पंधरा दिवसांनी ते गृहस्थ स्वतः येऊन समोर उभे राहिले. पत्र टेबलावर ठेवून म्हणाले, "साहेब, नवस मी देवाला बोललो होतो, तुम्हाला नाही."

यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. आजारी लेकराच्या उशाशी बसून बापाने जे शब्द उच्चारले, ते परत घ्या, असे कोणत्या तोंडाने सांगावे? अखेर त्यांना वृद्ध गुरुजींकडे नेले. गुरुजींनी सारे ऐकून घेतले आणि विचारले, "नवस बोलताना तोंडून नेमके शब्द काय निघाले होते?"

गृहस्थ आठवू लागले. "वानरांचं पोट भरीन, असं म्हणालो होतो, गुरुजी."

"मग भरा की. माझ्या हातानं भरीन, असं म्हणालात का?"

त्याच दुपारी माळ्यास बोलावले. गडाच्या मागील उतारावर, पायरीवाटेपासून दूर, वणव्याने उघडी पडलेली जागा होती. तेथे उंबर, जांभूळ आणि वड लावावेत, असे ठरले. पायऱ्यांलगत लावली असती तर भाविकांना सावली मिळाली असती हे खरे, परंतु टोळी पुन्हा पारापाशीच राहिली असती. फळ धरायला किती दिवस लागतील, असे गृहस्थांनी विचारले. माळी म्हणाला, "उंबराला सात-आठ वर्षं धरा, दादा." ते थोडा वेळ गप्प झाले. मुलाचे वय तेव्हा अकरा होते. बहुधा त्याच हिशेबात असावेत.

पहिल्या पावसाळ्यात तीस रोपे लावली. दिवाळीच्या सुमारास माळी कार्यालयात आला तो कपाळाला हात लावूनच. वानरांची टोळी मागच्या उतारावर उतरली होती आणि सात रोपांचे कोवळे शेंडे खाऊन गेली होती. ही वार्ता देणगीदारांस फोनवरून कळविणे प्राप्त होते. पलीकडे काही क्षण शांतता होती. मग ते म्हणाले, "म्हणजे पोट भरायला सुरुवात झाली म्हणायची." बांबूच्या कठड्यांसाठी किती रक्कम लागेल, हे त्यांनी पुढे विचारले आणि ती त्याच आठवड्यात पाठविली.