आधी विचारू, मग बोलू



आजी-आजोबा म्हणतात, "मुलं उलट बोलतात." आईवडील म्हणतात, "मोबाईल सोडत नाहीत." विशीतले तरुणही म्हणतात, "आमच्या वेळी असं नव्हतं!" पण सकाळची लोकल गाठून रात्री डोंबिवलीला परतणारे आपण मुलांशी बोलतो किती?

बारा वर्षांचा येशू मंदिरात सापडला, तेव्हा मरियेने कारण विचारले. उत्तर उमगले नाही, तरी अंतःकरणात जपले.

संगणकावर पवित्र साक्रामेंताच्या चमत्कारांची माहिती जमवणारा कार्लो अकुतिस २००६ साली वारला, तेव्हा १५ वर्षांचा होता. २०२५ मध्ये तो संत घोषित झाला. आपल्या मुलांच्या मोबाईलमध्ये काय आहे, हे आपण प्रेमाने कधी विचारले?

या आठवड्यात विचारू या आणि उत्तर संपेपर्यंत गप्प बसू या.