मधली जागा

आज एक काम करू. खडूचा तुकडा घ्या. नसेल तर सुतळी चालेल. घरातल्या सगळ्यांत मोठ्या खोलीतला टीपॉय भिंतीकडे सरकवा आणि जमिनीवर दहा बाय बाराचा चौकोन आखा. फूटपट्टी शोधत बसू नका. फरशी दोन फुटांची असेल तर एका बाजूला पाच फरशा, दुसऱ्या बाजूला सहा.

आखलात? आता आत जा आणि मधोमध मांडी घालून बसा. पाठ टेकू नका, भिंती अजून उभ्या राहायच्या आहेत.

हे मी स्वतः करून बघितलंय. भाच्याचा अमेरिकेहून फोन आला होता. तो आणि त्याची बायको भाड्याचं घर सोडून चाकांवरच्या घरात कायमचे राहायला निघालेत. गाडीच्या मागे जोडून ओढत न्यायचा ट्रेलर. आतून वीस फूट लांब, आठ फुटांना थोडा कमी रुंद. ‘मावशी, प्रभादेवीच्या खोलीत तुम्ही सहा जण राहायचात ना? सामान कसं लावायचात?’ त्याची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, त्याच खोलीत वाढली. पण तिनं ‘मावशीला विचार’ म्हणून हात झटकले होते.

मी मनात गुणाकार केला. वीस आठं एकशे साठ. म्हणजे वरळीच्या बीडीडी चाळीतली एक खोली झाली की! मुंबई सरकारनं १९२०च्या दशकात बांधलेल्या त्या चाळींमध्ये एकशे साठ चौरस फुटांत पिढ्या गेल्या. आमची खोली तर एकशे वीसचीच. त्याला म्हटलं, दोन दिवस दे, आठवून सांगते. आठवायला बसले आणि लक्षात आलं की आठवायला समोर काही उरलेलंच नाही. चाळ पाडून टॉवर झाला. त्याच्याच अकराव्या मजल्यावर मी राहते आणि आमची खोली होती त्या जागी आता गाड्या उभ्या असतात. म्हणून खडू घेतला.

तर, डोळे मिटा. श्वास जसा चाललाय तसा चालू द्या.

खोली आधी कानांनी उभी राहते. तुमच्या समोरच्या रेषेपलीकडे गॅलरी आहे. लाकडी फळ्यांवरून कुणाची तरी चप्पल वाजत जाते आणि ती कुणाची हे मान न वळवता कळतं. लांब गिरणीचा भोंगा होतो. स्टेशनात गाडी थांबून सुटते. त्या स्टेशनाला तेव्हा एल्फिन्स्टन रोड म्हणत, प्रभादेवी हे नाव त्याला २०१८मध्ये मिळालं. मंगळवार असला तर पहाटेच्या अंधारात सिद्धिविनायकाकडे निघालेल्यांची बोलणी खालच्या रस्त्यावरून वर येतात. हे सगळं तुमच्या चौकोनाच्या बाहेर आहे, तरी तुमच्याच खोलीतलं आहे. थोडा वेळ ऐकत राहा.

आता पाठीमागे, डाव्या कोपऱ्यात मोरी ठेवा. तीन बाय तीन, भोवती वीतभर कट्टा. तिथेच आंघोळ, तिथेच धुणं, तिथेच भांडी आणि तिथेच नळाचं पिंप. पाणी पहाटे चारला यायचं. मोरीला पडदा होता, पण खरा आडोसा म्हणजे बाकीच्यांनी गॅलरीत जाऊन उभं राहणं. आई आंघोळीला बसली की बाबा गॅलरीच्या कठड्यावर कोपर टेकून दात घासायचे. शेजारच्या खोलीतली माणसंही त्याच कारणासाठी तिथे उभी असायची. चाळीतल्या राजकारणावरच्या निम्म्या चर्चा दुसऱ्या कुणाच्या तरी आंघोळीमुळे झाल्या असतील.

मोरीला लागून ओटा, दोन बाय चार. त्यावर रॉकेलचा स्टोव्ह आणि वर भिंतीवर डब्यांची फळी. उजवीकडच्या भिंतीला लोखंडी कॉट, तीन बाय सहा. तिच्या चारी पायांखाली दोन-दोन विटा लावा. विटांशिवाय कॉट ही नुसती कॉट; विटा लावल्या की तिच्याखाली एक मजला तयार होतो. ट्रंका, तांदळाचं पोतं, मे महिन्यात गावाहून आलेले नारळ आणि परीक्षेच्या दिवसांत मी, पालथी पडून, पुस्तकासकट. दाराशेजारी दीड बाय तीनचं लोखंडी कपाट. झालं.

आता बेरीज करा. मोरी नऊ, ओटा आठ, कॉट अठरा, कपाट साडेचार. चाळीस फूट गेले. ऐंशी उरले. त्या ऐंशी फुटांत तुम्ही बसला आहात.

मान हळूच वर करा, डोळे मिटलेलेच असू द्या. छत अकरा फुटांवर आहे. खोलीच्या मागच्या अर्ध्या भागावर माळा आहे आणि वर्षातून एकदोनदा लागणारं सगळं त्यावर गेलंय: गणपतीचं मखर, लग्नाकार्याची पितळी पातेली, पाहुण्यांच्या गाद्या, बाबांनी टाकायची नाहीत म्हणून बजावलेली जुनी मासिकं. माळ्याच्या पुढे छतालगत दोऱ्या गेल्यात. ओले कपडे काठीनं वर चढवायचे, वाळले की काठीनंच उतरवायचे. चाळीतली पोरं चालायला लागली की थोड्याच दिवसांत ती काठी धरायला शिकत.

भाच्याकडे ही उंची नाही. त्याच्या डोक्यापासून छत वीतभर वर. सगळं कमरेच्या खाली ठेवायचं, जड सामान चाकांच्या आसापाशी आणि शक्य तितकं खाली. मागच्या टोकाला वजन झालं तर रस्त्यावर ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो, हे त्यानंच मला समजावलं. म्हणजे त्याच्या घराला तराजूची शिस्त. आमच्या खोलीला ती नव्हती. आमच्या खोलीला शिस्त होती ती घड्याळाची, आणि हे मला खडू घेऊन बसेपर्यंत इतकं स्पष्ट दिसलं नव्हतं.

बघा. बाबा दुपारपाळीला, साडेतीन ते बारा. काका रातपाळीला, बारा ते सात. रात्री कॉटवर आजी. सकाळी आजी उठून खाली बसली, की आठच्या सुमाराला काका येऊन त्याच कॉटवर झोपायचा. आम्ही दोघी बहिणी तेव्हा शाळेत. आई आवाज न करता भाजी चिरायची. खाली विळीवर, मघाशी जिथे तुमचा गुडघा होता तिथे. तीनला बाबा डबा घेऊन बाहेर पडायचे, काका उठायचा, आम्ही साडेपाचला यायचो. सहा माणसांच्या खोलीत सहा माणसं एका वेळी फक्त सुट्टीच्या दिवशी असायची. तेव्हा काका जेवण झालं की चपला अडकवून दादरला निघून जायचा. कशाला जातो हे कुणी विचारत नसे.

गिरणगावात हा काही आमचाच शोध नव्हता. आमच्याकडे यायच्या आधी काका गावकऱ्यांच्या खोलीत राहत होता. कोकणातल्या, घाटावरच्या कितीतरी गावांनी मुंबईत अशा खोल्या धरल्या होत्या. गावचा मुलगा आला की तिथे उतरायचा. प्रत्येकाला एक ट्रंक आणि एक खुंटी. एका पाळीची माणसं उठली की दुसऱ्या पाळीची आडवी व्हायची. चूल नाहीच, जेवण गल्लीतल्या बाईच्या खाणावळीत. चंदीगड आखणाऱ्या ल कॉर्ब्युझिएनं १९५२ साली दक्षिण फ्रान्सच्या समुद्रकाठी स्वतःसाठी एक लाकडी खोली बांधली. ३.६६ मीटर बाय ३.६६ मीटर, म्हणजे आपले बारा बाय बारा. तिच्यातही स्वयंपाकघर नव्हतं. बाजूच्या खाणावळीत जायला त्यानं एक दार ठेवलं होतं. वास्तुकलेचे विद्यार्थी त्या खोलीचे नकाशे अभ्यासतात. आमच्या काकाचा नकाशा कुणी काढला नाही, पण खुंटी कितवी हे तो शेवटपर्यंत सांगायचा: दारापासून सातवी.

आता उजवा हात पुढे करा. डोळे न उघडता काडेपेटी शोधा.

कुठे गेला हात? आमच्या खोलीत ती ओट्याच्या कडेला, स्टोव्हच्या डावीकडे, उभी असायची. आडवी नाही, उभी. बाबा रात्री साडेबाराला यायचे तेव्हा दिवा लावत नसत. कडी वाजू न देता दार उघडायचं, डबा मोरीच्या कट्ट्यावर, सदरा तिसऱ्या खिळ्याला, आमच्या डोक्यांच्या मधून पाऊल, आणि कपाटाला लागून अंथरलेली आपली वळकटी. एकदा मी शाळेचं दप्तर वाटेत ठेवलं होतं. बाबा अडखळले, ओरडले नाहीत. दुसऱ्या दिवशी डोळ्यांवर फडकं बांधून त्यांनी मला दारापासून मोरीपर्यंत चालवलं. तेवढ्या अंतरात मी चार वेळा आपटले. दप्तर परत वाटेत दिसलं नाही.

तुम्हीही मनातल्या मनात तसं चाला. आपल्या आजच्या घरात. कुठे कुठे आपटता, ते नुसतं पाहा. आवरायला उठू नका.

परत मधोमध या.

१८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला. डॉक्टर दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले आणि भोंगे थांबले. मी तेव्हा कॉलेजात होते. त्या संपाबद्दल खूप लिहून आलंय. पगार, उपासमार, गावी परतलेली माणसं, कधीच परत न उघडलेल्या गिरण्या. मला त्यात एक बारीकशी गोष्ट सापडत नाही. ती अशी की खोली लहान झाली. कॉट तीच, मोरी तीच, ऐंशी फूट तेच. पण दोन पुरुष चोवीस तास घरात. काका दिवसा झोपेना, कारण रात्री झोपलेला असायचा. रात्री त्याची वळकटी गॅलरीत, पावसाळ्यात दारात, उंबऱ्याच्या आत अर्धी. बाबा दुपारी तीन वाजले की उठून सदरा घालायचे आणि मग आठवून परत खिळ्याला अडकवायचे. आई म्हणायची, ‘जरा पाय आवरा.’ इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य तिला त्या खोलीत कधी लागलं नव्हतं, असं नाही. पण रोज लागायला लागलं ते तेव्हापासून.

इथे जरा थांबा. त्या तिसऱ्या खिळ्यावरच्या सदऱ्यापाशी.

भाच्याला मी फोन केला तेव्हा त्यानं आतले फोटो पाठवले होते. एका टोकाला पलंग, कायमचा ठोकलेला, त्याखाली खण. मध्ये टेबल, समोरासमोर दोन बाकं. टेबल खाली पाडलं की त्याचाही पलंग होतो. पडद्यांचा रंग छान होता. पण दारातून पलंगापर्यंत जायला एकच हातभर वाट, आणि दोघांपैकी एक उभा राहिला की दुसऱ्यानं बसायचं. मी विचारलं, ‘दोघंही घरूनच काम करता ना? दिवसभर?’ तो हो म्हणाला. मग मी त्याला फळ्यांचं, विटांचं काही सांगितलंच नाही. म्हटलं, टेबल काढून टाक. भिंतीला बिजागरीनं फळी लाव, जेवण झालं की पाडायची. आणि दाराबाहेर ते छत ओढून काढता येतं म्हणतोस ना, ते रोज काढ, खाली दोन खुर्च्या टाक. ती तुमची गॅलरी. ‘आणि मध्ये काय ठेवू?’ त्यानं विचारलं. मी म्हटलं, आई कुठे आहे, तिला दे जरा फोन.

कारण ते तिला आठवत असणार, नाही म्हणाली तरी.

गणपतीचे दीड दिवस कॉटचे नट काढून ती उभी करून शेजाऱ्यांकडे द्यायची. मखर लागलं तरी मधला भाग मोकळा, आरतीला वीस माणसं उभी राहायची. बाळंतीण बहीण तिथेच, मध्ये, चाळीच्या बायकांच्या गराड्यात. माझं केळवण तिथेच, पाटावर. आणि आजी गेली ती पहाट. डॉक्टरांनी मान हलवली, काकानं तिला कॉटवरून उचललं आणि खाली ठेवलं. कुणालाही काही सरकवावं लागलं नाही. घोंगडी अंथरलेली, उत्तरेकडे डोकं, समई पेटली, भोवती बसायला आम्हा सगळ्यांना जागा होती. पुढे कितीतरी मोठ्या फ्लॅटांमध्ये मी पाहिलंय, त्या वेळी माणसं सोफ्याची दोन टोकं धरून उभी असतात, कुठे न्यायचा ते कळत नाही.

आता त्या जागेवर आडवे व्हा. हो, खाली, फरशीवरच. खाली सतरंजी घेतली तरी चालेल. हात अंगाशी घ्या. डावीकडे आई आहे, उजवीकडे बहीण. तिचं कोपर लागतंय, लागू द्या. कॉटवर आजी कूस बदलते आणि लोखंड कुरकुरतं. दोरीवरच्या ओल्या धोतराचा एक थेंब पडतो. कडी न वाजता दार उघडतं. तुमच्या डोक्याजवळून एक पाऊल जातं, इतकं हलकं की ते गेल्यावर कळतं. सदरा खिळ्यावर. वळकटी उलगडल्याचा आवाज. मग काही नाही, फक्त श्वास; कुणाचा कोणता हे ओळखता येतं तोवर ओळखा, नंतर सोडून द्या.

पडून राहा.

मोरीत नळ दोनदा खोकला. हवा सुटली, मागोमाग पिंपात धार पडली. चार वाजले. आई उठून बसली आहे, तिला मोरीपर्यंत जायचं आहे आणि तुम्ही वाटेत आहात.

उठा, वळकटी गुंडाळा.