दोन बोटे कमी दोरी

एका जागी बसणे हा सद्गुण आहे की नोकरी, याचा निकाल अजून लागलेला नाही. मी बँकेत कारकून आहे, म्हणजे या विषयातला अनुभवी माणूस आहे. गेली २० वर्षे मी काउंटरमागे बसतो. या काळात खुर्ची दोनदा बदलली, बसणारा तोच राहिला. लोक याला चिकाटी म्हणतात. खरे म्हणजे उठून जायला दुसरी जागा नाही, म्हणून मी बसलो आहे. पण बसलेल्या माणसाचा हेतू कोणी तपासत नाही. चौकशी होते ती उठलेल्याची.

हा विचार डोक्यात घातला माझ्या अकोल्याच्या भाच्याने. वय वर्षे नऊ. अकोल्याच्या मे महिन्यात पारा ४५ वर गेला की भिंतीवरची पालसुद्धा हलायचे टाळते. हा मात्र त्याच वेळी दिवाणावरून खिडकीत आणि खिडकीतून मोरीत पोचलेला असतो. शाळेतून ताईला इतकी बोलावणी आली की बाई ‘या, बसा’ म्हणायच्या सोडून ‘आलात?’ एवढेच म्हणू लागल्या. शेवटी डॉक्टरांनी तपासून सांगितले, ए.डी.एच.डी. आमच्या काकूंना ती पदवी वाटली. म्हणाल्या, “एवढं शिकला? मंग शाळेत कायले जाते?”

या चंचलपणाचा इतिहास पाहण्यासारखा आहे. फ्रँकफुर्टच्या हॉफमन नावाच्या डॉक्टराने एकोणिसाव्या शतकात मुलांसाठी एक चित्रपुस्तक केले. त्यात जेवणाच्या टेबलाशी खुर्ची झुलवणारा एक फिलिप आहे. तो शेवटी टेबलावरच्या कापडासकट सगळे जेवण खाली ओढतो. आमच्याकडे हे वरण-भातासकट झाले आहे. पुढे १९०२ साली लंडनमध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने अशा मुलांवर व्याख्याने दिली आणि दोष ठेवला तो नैतिक संयमाच्या उणिवेवर. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली आपल्या यादीत अवधानाच्या कमतरतेला स्वतंत्र नाव दिले आणि १९८७ साली त्यात अतिचंचलता जोडून आजचे नाव पक्के केले. म्हणजे एकाच मुलाच्या एकाच उडीला आधी खोडी म्हटले, मग चारित्र्य आणि शेवटी निदान. उडी तीच आहे. आता डॉक्टर सांगतात की मेंदूची घडणच जराशी निराळी असते, तीत आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो आणि आईच्या लाडाने हे होत नाही. शेवटचे वाक्य ताईने सासरी दोनदा वाचून दाखवले.

पण मला हा सगळा वाद भाच्याने एका वाक्यात समजावला. मी त्याला विचारले, “काऊन रे, तू बसत काऊन नाहीस?” तो म्हणाला, “मी बसतो नं मामा. पण मले बसवतच नाही.”

मी वाणिज्य शाखेचा. व्याकरणाशी माझा संबंध बेताचा. तरी एवढे कळते की ‘बसत नाही’ आणि ‘बसवत नाही’ यांच्यात सगळे नीतिशास्त्र आले. पहिल्याला शिक्षा करता येते. दुसऱ्याला करायची म्हणजे तापकऱ्याला ताप चढल्याबद्दल दंड करण्यासारखे.

ताईने त्याला शाळेतून काढले आणि घरीच शिकवायला घेतले. तिच्या सासऱ्यांना वाटले, आता पोलीस येणार. पोलीस आले नाहीत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात मुलाला शाळेत घालणे हे पालकांचे कर्तव्य म्हटले आहे, पण न घालणाऱ्या पालकाला शिक्षा सांगितलेली नाही. घरी शिकवण्याबद्दल तर त्यात अवाक्षर नाही. पुढे १४ वर्षे पूर्ण झाली की राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून दहावीला बसता येते. तिथेही ‘बसता’च येते, हे भाच्याने लगेच हेरले.

आता शाळा मोबाइलवर भरते. बालभारतीच्या पुस्तकातला ठिपक्यांचा चौकोन मोबाइलला दाखवला की ‘दीक्षा’ ॲपवर धडा उघडतो. गणिताला खान अकॅडमी. “सलमान खान शिकवतो,” असे भाच्याने सांगितल्यावर आजी घाबरली; तिला वाटले, धडा संपेपर्यंत सदरा उतरणार. हा सलमान खान निराळा. याने २००४ साली दूरच्या गावातल्या आपल्या नात्यातल्या बहिणीला फोनवरून गणित शिकवायला घेतले आणि त्यातूनच पुढे ती अकॅडमी उभी राहिली. नातेवाइकाने दिलेला सल्ला कुणाच्या उपयोगी पडल्याचे माझ्या माहितीतले हे एकमेव उदाहरण.

दहा मिनिटे धडा, पाच मिनिटे जिना, असे वेळापत्रक. सातचा पाढा पायऱ्यांवर पाठ झाला. पडद्यातल्या गुरुजींना मध्येच थांबवता येते, सतरांदा तेच विचारता येते, आणि ते ‘आलात?’ म्हणत नाहीत. ज्या मोबाइलने सगळ्या जगाचे लक्ष उडवले, त्यालाच या पोराचे लक्ष गोळा करायला बसवावे, हा काट्याने काटा काढण्याचा प्रकार आहे. मात्र अकराव्या मिनिटाला गुरुजींच्या जागी क्रिकेट येते. म्हणून शेजारी ताई लागते. मोबाइल नुसता सांगतो, शिकवते ती ताई.

इथे माझ्यातला कारकून जागा होतो. एका खात्यात जमा झालेली रक्कम कुणाच्या तरी नावे पडलेली असते. भाच्याच्या खात्यात जे लक्ष जमा होते आहे, ते ताईच्या खात्यातून निघाले आहे. तिची नोकरी गेली, दुपारची झोप गेली, फोनवरच्या गप्पा गेल्या. घरात आता एका जागी बसणारे माणूस एकच, ती. आणि साडेदहाला गल्लीतली पोरे गणवेशात निघाली की भाचा गच्चीच्या कठड्याशी उभा असतो. तेवढा वेळ तो अगदी स्थिर असतो. परवा त्याने मला विचारले, “मामा, शाळेनं मले काढलं, का आईनं शाळेले काढलं?”

याचे उत्तर द्यायला खातेवहीत रकाना नाही. बोलणी थांबली हे चांगलेच झाले; पण सोबतीही थांबले. त्या बाईंनाही मी दोष देत नाही. कायद्याच्या हिशेबाने प्राथमिक शाळेत ३० मुलांमागे एक शिक्षक. एकाच्या मागे जिन्यावर धावायचे तर उरलेल्या एकोणतिसांनी काय करावे?

सुटीत त्याला अमरावतीला आणले. आमचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याच्या पथकाने तिथे जाऊन हिंदी खेळ करून दाखवले. तिथे मल्लखांबापाशी हा पाऊण तास आपली पाळी येण्याची वाट पाहत रांगेत उभा राहिला. लक्ष नाही, असे म्हणणाऱ्यांनी ते यावे आणि पाहावे. लक्ष होते. ते आपण सांगू तिथे नव्हते, एवढेच.

आमची आई त्याला रोज ध्रुवाची गोष्ट सांगते : एका जागी बसला आणि अढळपद मिळवले. पण पाळणा म्हणताना तीच आई कृष्णाचा म्हणते, ज्याने गोकुळात एक मडके धड ठेवले नाही. आपल्याला पाळण्यात कृष्ण हवा असतो आणि वर्गात ध्रुव. त्या कृष्णालाही यशोदेने उखळाला बांधायला घेतले होते. दोरी दोन बोटे कमी पडली. दुसरी जोडली, तरी दोन बोटे कमीच.

या गोष्टीवर कीर्तनकारांनी पुष्कळ सांगितले आहे. मला तिच्यातला हिशेब आवडतो. दोन बोटांची तूट आली ती दोरीत. पोराला कोणी दोन बोटे जास्त म्हटले नाही. बँकेत रोकड जुळली नाही तर आम्ही आधी आपली बेरीज तपासतो, खातेदाराकडे नंतर वळतो. ताई ती बेरीज रोज करते आहे, एकटीच. जून आला की ती पुन्हा शाळा पाहायला निघेल. एखादी दोन बोटे जास्त दोरीची मिळाली तर. मी सोबत जाणार आहे. तिथेही आम्हाला बाहेरच्या बाकावर बसवून ठेवतील. तेवढे काम मी करीन.