अंधारातली राखण

लहानपणी मी आजोबांबरोबर ज्वारीच्या राखणीला जायचो. माळ्यावर उभं राहून ते गोफण फिरवायचे, हाळी द्यायचे. इथं माणूस आहे, हे पाखरांना कळायचं. राखण म्हणजे हजर असणं, एवढं मला तेव्हा ठाऊक होतं. पुढं शहरात राहून विसरलो.

वडील गेल्यावर आई माण तालुक्यातल्या घरी एकटीच राहिली. पुण्याला यायला काही तयार होईना. त्यातच विहिरींवरच्या मोटारींच्या केबली चोरीला जायला लागल्या, एकाची दोन शेरडं गेली. मी चार कॅमेरे बसवून घेतले. पण लाईट गेली की माझ्या मोबाईलवरचे चारही चौकोन काळे. चोराच्या सोयीच्या वेळेलाच कॅमेरे आंधळे!

मग इन्व्हर्टर आणला, १५० ॲम्पिअर-अवरची बॅटरी. वायरमन म्हणाला, "नुसत्या कॅमेऱ्यांना देऊन भागत न्हाई. रेकॉर्डर आन् राउटर पण यावर घ्यावा लागंल, न्हाईतर चित्र तुमच्यापातूर पोचायचं न्हाई." सगळं मिळून पन्नासेक वॅट. मी बजावलं, "दुसरं काही जोडू नका. बॅटरी रात्रभर पुरली पाहिजे."

मे महिन्यात एका रात्री लाईट गेली. मोबाईलवर आई दिसली, अंगणात बाजेवर बसून पदरानं वारा घेत होती. फोन केला तर म्हणाली, "मला वारा न्हाई आन् त्या डबड्याला लाईट. कुणाची राखण करतोयस रं?"

मी हसून वेळ मारून नेली. मग विचारलं, "काकी नाही आली आज?" पूर्वी लाईट गेली की शेजारची काकी हमखास ओट्यावर येऊन बसायची.

"न्हाई येत आता. वर डोळा लावलाईस. सुनेचं गाऱ्हाणं सांगावं का न्हाई, तिला कळंना झालंय."

चोराच्या भीतीनं मी आईचं माणूसच तोडलं होतं. अंगण आईचं, बोलणं त्या दोघींचं. आणि विचारलं मी कुणालाच नव्हतं.

जुलैत पावसाच्या रात्री लाईट नव्हती. सरपण आत घ्यायला आई अंगणात आली आणि घसरून पडली. मला पुण्यात दिसलं. उठेना. मी काकीला फोन लावला. ती बॅटरी घेऊन तशीच भिजत धावली. मला पोचायला चार तास लागले. मनगट मोडलं होतं.

इन्व्हर्टर नसता तर मला सकाळपर्यंत कळलं नसतं. काकी नसती तर कळून उपयोग नव्हता. आणि काकी पूर्वीसारखी ओट्यावर असती, तर आई एकटी सरपणाला उठली असती का? याचं उत्तर मला अजून देता येत नाही.

कॅमेरे काढले नाहीत. अंगणातला तेवढा गोठ्याकडं वळवला, आणि माजघरातला पंखा अन् दिवा इन्व्हर्टरवर घेतला. आता लाईट लांबली की पहाटेच बॅटरी उतरते, चौकोन काळे होतात. होऊ देत.

परवा गावी होतो. लाईट गेली तशी काकी दारात आली. वर बघून म्हणाली, "आता हितलं दिसत न्हाई न्हवं?"

"नाही, काकी."

"मग बसते," म्हणत तिनं ओट्यावर पाय पसरले.